पहिल्या आदेशापर्यंत राहायचे कुठे? महिला व बाल विकास विभागास खुले पत्र

प्रति,
मा. सचिव,
महिला व बाल विकास विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : संसार अचानक मोडलेल्या स्त्रीला न्यायालयाचा पहिला आदेश मिळेपर्यंत निवारा व उदरनिर्वाहाची सोय करण्याबाबत.

महोदय / महोदया,

सहा वर्षांपूर्वीच्या एका सोमवारी माझे पती सकाळी कामावर गेले, ते घरी परतले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आपल्या बाजूने हा संसार संपला आहे, शोध घेऊ नये आणि पैशांची अपेक्षाही ठेवू नये, एवढे सांगून त्यांनी फोन ठेवला. आठवड्याभराने घरमालक दारात आले, तेव्हा मला कळले की तीन महिन्यांचे भाडे थकले आहे, भाडेकरार एकट्या पतीच्या नावावर आहे आणि घर सोडत असल्याचे लेखी कळवून त्यांनी अनामत रकमेचा हिशेबही मागितला आहे. घरमालक सज्जन होते; त्यांनी मला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. मात्र जाताना त्यांनी विचारले की या घराशी माझा कायदेशीर संबंध नेमका काय आहे. नऊ वर्षे ज्या घरात मी राहिले, जिथून माझी दोन्ही मुले शाळेत गेली, त्या घराच्या उंबऱ्यात उभी असताना मला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही.

उत्तर कायद्यात लिहिलेले होते. ते मला पाच महिन्यांनी समजले, आणि तोवर ते घर दुसऱ्या कुटुंबाला भाड्याने गेले होते.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. त्यातील सामायिक घराच्या व्याख्येत भाड्याचे घरही येते. कलम १७ प्रमाणे त्या घरात राहण्याचा हक्क, घरावर स्त्रीचे नाव असो वा नसो, तिला आहे. कलम ३ मध्ये आर्थिक छळाची जी व्याख्या आहे, तिच्यात घरखर्च बंद करणे आणि सामायिक घराचे भाडे न भरणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम १९ प्रमाणे दंडाधिकारी पतीला त्याच दर्जाचे पर्यायी घर देण्याचा किंवा त्याचे भाडे भरण्याचा आदेश देऊ शकतात, कलम २० प्रमाणे खर्चाची रक्कम ठरवू शकतात आणि निकड असेल तर कलम २३ प्रमाणे एकतर्फी अंतरिम आदेशही काढू शकतात. अर्ज आल्यापासून पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत असावी आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असेही कलम १२ सांगते. ज्यांनी हा कायदा लिहिला, त्यांना घराबाहेर पडलेल्या स्त्रीच्या दिवसांची किंमत ठाऊक होती, असे तो वाचताना मला आजही वाटते.

पण मी पहिल्यांदा ज्या कार्यालयात गेले, तिथे मला विचारण्यात आले, “मारहाण झाली आहे का?” मी नाही म्हणाले. “मग हे आमच्याकडे येत नाही, तुम्ही वकील बघा,” असे सांगून मला परत पाठवण्यात आले. त्या कर्मचारी बाईंबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यांच्यासमोरच्या बाकावर ज्या बसल्या होत्या, त्यांच्यातील काहींच्या अंगावर खरोखरच वळ होते. परंतु भाडे बंद करून बायकोमुलांना घराबाहेर काढणे हीदेखील कायद्याच्या भाषेत हिंसा आहे, हे त्या टेबलावर कोणी शिकवलेले नव्हते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रीला तिचे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हेही मला त्या दिवशी कोणी सांगितले नाही. “वकील बघा” या दोन शब्दांपुढे एवढे एक वाक्य जोडले असते, तर माझे पाच महिने वाचले असते.

गेली चार वर्षे मी अशा स्त्रियांबरोबर न्यायालयात, तहसील कार्यालयात आणि आपल्या विभागाच्या जिल्हा कार्यालयात जाते. या चार वर्षांत माझे जे मत बनले, ते मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आपल्याकडे हक्क पुरेसे आहेत. घर सुटल्याच्या पहिल्या रात्रीपासून न्यायालयाचा पहिला आदेश हातात पडेपर्यंतचे जे दिवस असतात, ते मात्र कोणत्याच विभागाच्या जबाबदारीत येत नाहीत, आणि त्या दिवसांतच स्त्री आपला हक्क सोडून देते. ती तडजोडीच्या कागदावर सही करते, मुलांची शाळा सोडते, ज्या घरात राहणे असह्य आहे त्या घरात परत जाते, कारण पुढच्या तारखेपर्यंत राहायला दुसरी जागा नसते.

न्यायालयांनी या विषयात बरेच केले आहे, हे नोंदवले पाहिजे. घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी ते सामायिक घर ठरू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने १५ ऑक्टोबर २०२० रोजी दिला आणि सामायिक घराचा २००६ मधल्या निकालात लावलेला संकुचित अर्थ बाजूला सारला. त्यानंतर तीन आठवड्यांनी, ४ नोव्हेंबर २०२० रोजी, पोटगीच्या प्रत्येक अर्जात दोन्ही बाजूंनी मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे त्याच न्यायालयाने सांगितले. हा दुसरा निकाल आपल्याच राज्यातून, नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सुरू झालेल्या प्रकरणात आला. त्यातील पत्नीने अर्ज केला होता २०१३ मध्ये. त्या वेळी नुकतेच जन्मलेले बाळ अंतरिम पोटगीच्या वादाचा शेवट होईपर्यंत शाळेत जाऊ लागले होते. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत २००१ मध्येच आली होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्येही ती कायम आहे. हे साठ दिवस समोरच्या पक्षाला नोटीस बजावल्यापासून मोजायचे असतात. ज्या माणसाने फोन बंद ठेवला आहे, नोकरी बदलली आहे आणि नवा पत्ता कोणालाही दिलेला नाही, त्याला नोटीस बजावायची कशी, याचे उत्तर त्या कलमात नाही. माझ्या प्रकरणात चार वेळा नोटीस “पत्त्यावर इसम मिळून आला नाही” असा शेरा घेऊन परत आली आणि पहिला अंतरिम आदेश अकराव्या महिन्यात मिळाला.

ते अकरा महिने मी भावाच्या दोन खोल्यांच्या घरात काढले. भाऊ आणि वहिनी यांनी मला कधीही एक शब्द वावगा बोलला नाही, आणि म्हणूनच ते दिवस अधिक कठीण गेले. रात्री स्वयंपाकघरातील भांडी आवरल्यावर तिथे आमचे अंथरूण पडत असे. भाच्याची दहावी होती, त्याचा अभ्यास आमच्यामुळे बाहेरच्या गॅलरीत गेला. दुधाची पिशवी वाढली, गॅस लवकर संपू लागला, आणि या गोष्टी कोणी बोलून दाखवत नव्हते तरी मी मोजत होते. संसार मोडलेल्या स्त्रीसाठी या राज्यातील सर्वांत मोठी निवारा योजना कोणती, असे मला कोणी विचारले तर मी माहेर असे उत्तर देईन. या योजनेला शासन एक रुपयाही देत नाही, आणि जिचे आईवडील हयात नाहीत, भावाशी संबंध तुटलेले आहेत किंवा लग्न घरच्यांच्या मनाविरुद्ध झाले आहे, तिच्यासाठी ती उपलब्धच नसते.

आपल्या विभागाचे निवारे आहेत, हे मला ठाऊक आहे. १८१ या क्रमांकावर फोन केल्यावर सखी केंद्राचा पत्ता मिळतो आणि रात्री-अपरात्री तिथे आसरा मिळतो. मी स्वतः दोन मैत्रिणींना तिथे घेऊन गेले आहे आणि दोन्ही वेळा त्यांना आपुलकीने वागवले गेले. परंतु त्या केंद्रात जास्तीत जास्त पाच दिवस राहण्याची कल्पना आहे. त्यापुढे शक्ती सदन, म्हणजे निराधार स्त्रियांसाठीचे निवासगृह, आहे. तिथे मुलगा ठरावीक वयापुढचा असेल तर त्याला आईसोबत ठेवता येत नाही, आणि कोणतीही आई अशा काळात मुलाला वेगळ्या संस्थेत पाठवायला तयार होत नाही. सखी निवास नोकरदार स्त्रियांसाठी आहे. संसार मोडला त्या दिवशी जिच्या हातात नोकरी नाही, तिला तिथे प्रवेश मिळत नाही. म्हणजे एकीकडे पाच दिवसांची तातडीची सोय, दुसरीकडे सर्वस्व गमावलेल्यांसाठीची संस्था, आणि मधे जिला केवळ सहा महिने मुलांसह एक खोली, शाळेजवळचा पत्ता आणि काम शोधण्यापुरता वेळ हवा आहे, तिच्यासाठी काहीच नाही. मी ज्या स्त्रियांबरोबर गेले, त्यांच्यातील बहुतेक या मधल्या गटातल्या होत्या.

खासगी भाड्याची खोली शोधताना जे घडते, त्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ते सर्वांना माहीत आहे. एजंट पहिला प्रश्न “मिस्टर काय करतात?” असा विचारतो. खरे सांगितले की खोली आधीच दिल्याचे उत्तर मिळते. खोटे सांगितले तर अकरा महिन्यांच्या करारावर सही करताना ते उघडे पडते.

आता कागदपत्रांबद्दल. आपण कृपया हा भाग सावकाश वाचावा, कारण यातील बहुतेक गोष्टी कायदा न बदलता, एका शासन निर्णयाने सुधारता येतील. घटस्फोटित स्त्रीकडे न्यायालयाचा हुकूमनामा असतो. विधवेकडे पतीच्या मृत्यूचा दाखला असतो. ज्या स्त्रीला नवरा सोडून गेला आहे, तिच्याकडे तिची स्थिती सिद्ध करणारा एकही कागद नसतो. ती कागदावर विवाहित असते, तिचे नाव पतीच्या शिधापत्रिकेवर असते आणि तिचे कौटुंबिक उत्पन्न म्हणजे पतीचे उत्पन्न असे धरले जाते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत घटस्फोटाची प्रक्रिया सुरू असलेल्या आणि पोटगी न मिळणाऱ्या स्त्रियांचा समावेश आहे, ही चांगली गोष्ट आहे; पण त्या योजनेची उत्पन्न मर्यादा वर्षानुवर्षे वार्षिक २१,००० रुपयांवर राहिलेली आहे. महिन्याला १,७५० रुपयांपेक्षा अधिक मिळवणारी स्त्री या हिशेबाने निराधार ठरत नाही, आणि धुणीभांडी करून मुलांना जगवणारी कोणतीही स्त्री याहून अधिक मिळवते. वेगळी शिधापत्रिका हवी असेल तर आधी जुन्या पत्रिकेतून नाव कमी केल्याचा दाखला लागतो. ती पत्रिका पतीच्या कपाटात असते. मुलांचे आधार कार्ड, बँकेचे पासबुक, शाळेचे दाखले हे सर्व ज्या घरात राहिले, त्या घराचे कुलूप बदललेले असते. या वस्तू परत मिळवण्याचा आदेशही न्यायालय देऊ शकते, पण त्यासाठी पुन्हा तारखेची वाट पाहावी लागते.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून सुरू झाली, तेव्हा पात्रतेच्या यादीत परित्यक्ता हा शब्द वाचून मला खरोखर बरे वाटले होते. दरमहा १,५०० रुपयांत घर चालत नाही, पण ते स्वतःच्या खात्यात येतात. २०२५ मध्ये ई-केवायसी आली आणि लाभार्थी स्त्रीबरोबर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांकही मागितला गेला. जो पती बायकोचा फोन उचलत नाही, त्याच्या मोबाइलवर आलेला ओटीपी ती कसा मिळवणार? विधवा आणि घटस्फोटित स्त्रियांसाठी पुढे दाखला सादर करण्याची वेगळी सोय झाली, परंतु जिच्याकडे दाखलाच नाही, त्या परित्यक्तेची अडचण तशीच राहिली. एका बाईंनी मला विचारले होते, “मी मेलेल्या नवऱ्याची बायको असते तर सोपं गेलं असतं का हो?” त्यांना काय सांगावे, ते मला सुचले नाही.

परित्यक्ता हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. १९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली होती, तेव्हापासून स्वतंत्र शिधापत्रिका, राहण्याचा हक्क आणि सहज मिळणारी पोटगी या मागण्या कार्यकर्त्या करीत आल्या आहेत. राज्याचे पहिले महिला धोरण १९९४ मध्ये आले. म्हणजे मी जे लिहीत आहे, ते माझ्याआधीच्या पिढीने अधिक कष्ट सोसून मांडलेले आहे.

यावर माझी मुख्य विनंती अशी की संरक्षण अधिकाऱ्याने, म्हणजे २००५ च्या कायद्याखाली पीडित स्त्रीच्या मदतीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याने, तिच्या तक्रारीवरून तयार केलेला कौटुंबिक घटना अहवाल हाच परित्यक्ता असल्याचा प्राथमिक पुरावा म्हणून सर्व शासकीय योजनांत ग्राह्य धरावा. हा अहवाल कायद्यानेच ठरवून दिलेल्या नमुन्यात असतो, तो शासनाचा अधिकारी लिहितो, त्याची प्रत दंडाधिकारी आणि पोलीस ठाणे यांच्याकडे जाते, आणि त्यात पती-पत्नी, मुले, पत्ता यांची नोंद असते. तलाठ्याचा दाखला, पोलीस पाटलाचा जबाब, सरपंचांचे पत्र असे कागद गोळा करायला लावण्यापेक्षा आपल्याच विभागाच्या कागदावर शासनाने विश्वास ठेवावा. अहवाल नोंदवल्यापासून एक वर्षापर्यंत त्याच्या आधारे स्वतंत्र शिधापत्रिका, स्त्रीच्या एकटीच्या मिळकतीवर काढलेला उत्पन्नाचा दाखला, मुलांचा शाळाप्रवेश आणि ओटीपीशिवाय ई-केवायसी या चार गोष्टी तिला मिळाव्यात. पुढे न्यायालयाने वेगळा निष्कर्ष काढला तर लाभ थांबवता येईल.

दुसरी विनंती पैशांची आहे, आणि ती अधिक अवघड आहे, हे मी जाणते. अंतरिम आदेश होईपर्यंत, किंवा आदेश होऊनही पती रक्कम भरत नसेल तोपर्यंत, शासनाने स्त्रीला आणि मुलांना एक ठरावीक रक्कम आगाऊ द्यावी आणि ती पतीकडून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करावी. आज वसुलीचा सगळा भार स्त्रीवर आहे. थकलेल्या रकमेसाठी तिने वर्षाच्या आत पुन्हा अर्ज करायचा, पुन्हा वॉरंटची वाट पाहायची आणि पती काही दिवस तुरुंगात जाऊन आला तरी हातात पैसे येतीलच, याची खात्री नाही. एकट्या स्त्रीपेक्षा माणूस शोधण्याची आणि रक्कम वसूल करण्याची ताकद शासनाकडे कितीतरी अधिक आहे. जर्मनीत मुलांच्या बाबतीत १९८० पासून अशीच व्यवस्था आहे. आईबापांपैकी जो पोटगी देत नाही, त्याच्या वतीने शासन रक्कम देते आणि नंतर ती त्याच्याकडून मागते. आपण निदान मुलांच्या वाट्यापासून, निदान दोन जिल्ह्यांत, सुरुवात करावी.

याचा गैरवापर होईल, असे मला अनेकदा सांगण्यात आले आहे. काही खोटे अर्ज येतील, हे मी नाकारत नाही. परंतु शपथेवर दिलेली माहिती, पुढे होणारी न्यायालयीन तपासणी आणि रक्कम परत मागण्याचा अधिकार एवढे तीन अडसर असताना, चार खोट्या अर्जांच्या भीतीने उरलेल्या सर्वांना अकरा महिने स्वयंपाकघरात झोपवणे योग्य आहे का, याचा विचार व्हावा. संसार मोडल्यावर पुरुषही बेघर आणि कफल्लक होऊ शकतो, हेही खरे आहे. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २४ खाली दावा चालू असताना पतीसुद्धा निर्वाह खर्च मागू शकतो, आणि मी सुचवलेली आगाऊ रक्कम मुलांना सांभाळणाऱ्या पुरुषालाही मिळण्यास माझी हरकत नाही.

घरमालकांच्या बाबतीत संरक्षण अधिकाऱ्याचे एक साधे पत्र पुरेसे ठरेल. या घरात राहण्याचा हक्क न्यायालयापुढे प्रलंबित आहे, भाड्याबाबतचा आदेश मागितला आहे आणि तोवर ताबा बदलू नये, अशा आशयाचे पत्र माझ्या घरमालकांच्या हातात पडले असते, तर त्यांनी ते मानले असते, असा मला विश्वास आहे. त्यांना जबाबदारी टाळायची नव्हती, त्यांना कोणीतरी अधिकृतपणे काही सांगायला हवे होते.

हे सर्व ज्यांच्या हातून व्हायचे, ते संरक्षण अधिकारी अनेक ठिकाणी दुसरे काम सांभाळून हे काम करतात. जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमावेत, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सर्व राज्यांना दिले आहेत. आपल्या राज्यात कोणत्या तालुक्यात पूर्णवेळ अधिकारी आहे, त्यांच्याकडे आलेल्या अर्जांवर पहिला आदेश सरासरी किती दिवसांत झाला आणि त्या काळात स्त्री कुठे राहिली, ही माहिती विभागाने दर तिमाहीला प्रसिद्ध करावी. पहिल्या आदेशापर्यंत स्त्री कुठे राहिली, असा रकाना मला कोणत्याही नमुन्यात आढळला नाही. तो असता, तर माहेरच्या स्वयंपाकघरात आणि मैत्रिणीच्या गॅलरीत काढलेल्या रात्रींची नोंद शासनाकडे झाली असती.

मागच्या गुरुवारी मी एका बाईंबरोबर तहसील कार्यालयात बसले होते. त्यांना दोन मुली आहेत, धाकटी पहिलीत आहे. त्यांच्या अर्जावर पुढची तारीख सात आठवड्यांनंतरची आहे आणि त्यांच्या खोलीचा भाडेकरार याच महिन्याच्या ३० तारखेला संपतो. त्यांचा कौटुंबिक घटना अहवाल आपल्या जिल्हा कार्यालयात नोंदवलेला आहे.

आपली विश्वासू,
या वाटेने गेलेली एक नागरिक